एसव्हीपीत नव्याने आलात? घरभेटीपासून तहसील कचेरीपर्यंतची वाट

सप्टेंबर उजाडला की मिस्सा (चर्चमधली उपासना) संपताना फादर घोषणा करतात: २७ तारखेला संत विन्सेंट डी पॉल यांचा सण, त्यांच्या नावाने गरजूंना मदत करणाऱ्या सोसायटीला (सोसायटी ऑफ सेंट विन्सेंट डी पॉल, म्हणजेच एसव्हीपी) नवे मेंबर हवेत, ज्यांना यायचंय त्यांनी मिस्सानंतर थांबावं. पाच-सहा जण थांबतात आणि नाताळपर्यंत त्यातले जेमतेम दोन उरतात. गळालेल्यांची कळकळ खोटी नसते. इथे नेमकं काय करायचं, कुणाच्या दारात कसं जायचं, कशाला हो म्हणायचं नाही, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. मी वसईतल्या एका धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, पॅरिशमध्ये) हे काम करते, म्हणून उदाहरणं इथलीच येतील. तुम्ही मुंबई, पुणे किंवा नाशिकच्या चर्चमध्ये असाल तरी कामाची रीत फारशी वेगळी नाही.

१. आधी गट कुठला ते समजून घ्या

मोठ्या धर्मग्रामात मदतीची दारं बरीच असतात. महिला मंडळ वेगळं, युवक वेगळे, आळीआळीतले लघु ख्रिस्ती समूह वेगळे, कुठे सिस्टर्सचं समाजकेंद्र असतं. या सगळ्यांत एसव्हीपीचं काम ठरलेलं: गरजू माणसाच्या घरी जाऊन भेटायचं आणि त्याला लागेल ती मदत करायची. धर्मग्रामातल्या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. हॉलमध्ये भाषणं ठेवलीत की काय, असं नव्या माणसाला वाटतं. तसं काही नाही, दहा-पंधरा माणसांचा तो गट असतो. त्याच्यावर विभागाची, मग धर्मप्रांताची (बिशपांच्या हद्दीची) आणि शेवटी देशाची कौन्सिल.

ही सोसायटी संत विन्सेंटनी काढली, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. विन्सेंट १६६० सालीच वारले. सोसायटी सुरू झाली २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये, फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी. त्या दिवशी ओझानाम वीस वर्षांचा झाला होता. गरिबांच्या वस्तीत कुठल्या घरी जायचं, गेल्यावर कसं वागायचं, हे त्या पोरांना रोझाली रेंदू नावाच्या सिस्टरने शिकवलं. थोडक्यात, काम प्रापंचिकांचं आणि वाट दाखवणारी जुनी जाणकार बाई. आजही गट असाच चालतो. फादर आध्यात्मिक सल्लागार असतात, पण अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आपल्यातलेच. म्हणून प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी फादरांच्या ऑफिसात धावू नका.

२. पहिल्या दोन-तीन सभांना नुसतं ऐका

सभा आठवड्याला किंवा पंधरवड्याला होते. क्रम बहुतेक ठिकाणी सारखा: प्रार्थना, वाचन, मागच्या सभेचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब, झालेल्या घरभेटींचे अहवाल, नवे अर्ज, गुप्त थैली, शेवटची प्रार्थना. गुप्त थैली म्हणजे कापडी पिशवी हातोहात फिरते आणि जो तो मूठ आत घालून जमेल ते टाकतो. कुणी किती टाकले ते कुणालाच कळत नाही, काही टाकलं नाही तरी कळत नाही. नोट दाखवून टाकू नका.

सभेत ऐकलेली नावं सभेतच राहतात. ही अट सगळ्यात अवघड, कारण गाव लहान असतं आणि ज्या घराची चर्चा चाललीय ते कदाचित तुमच्या चुलत जावेचं असतं. नात्यातलं घर निघालं तर अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगा आणि त्या भेटीला दुसऱ्याला जाऊ द्या. घरी जेवताना नवऱ्याशीसुद्धा हा विषय नको. माझ्या नवऱ्याने आता विचारणं सोडून दिलंय.

३. पहिली घरभेट

एकट्याने जायचं नाही. दोघांनी जायचं, त्यात एक जुना मेंबर हवाच, आणि घरात बाई एकटी राहत असेल तर जोडीत एक बाई हवीच. लहान मुलांशी बंद दाराआड एकट्याने बोलायचं नाही. या नियमाने घरातल्या माणसांचं रक्षण होतं तसंच तुमचंही होतं.

आधी निरोप द्या. अचानक गेलात की घरातली बाई पसारा आवरण्यात आणि ओशाळण्यात अर्धा वेळ घालवते. वेळ विचारून घ्या: विटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणारी माणसं संध्याकाळशिवाय भेटत नाहीत, धुणीभांडी करणाऱ्या मावशी दुपारी तीन ते पाच मोकळ्या असतात. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जायचं तर होड्या कधी लागतात ते विचारून जा.

सोबत ठेवायच्या वस्तू:

- साधी वही आणि पेन. छापील फॉर्म पिशवीतच असू द्या
- तहसील कचेरी, जवळचं सरकारी रुग्णालय आणि रेशन कार्यालय यांचे पत्ते लिहिलेला कागद
- पाण्याची बाटली, पावसाळ्यात छत्री
- कागदपत्रांच्या झेरॉक्स आणायला एक प्लास्टिकची फाइल
- शंभर-दोनशे रुपये सुटे, तेही द्यायला नव्हे. कधी रिक्षाने कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं

चपला बाहेर काढा. बसायला सांगतील तिथे बसा. चहा विचारला तर घ्या. 'नको नको, तुम्हाला कशाला त्रास' म्हणून उठलात तर ते लोक समजतात की यांना आपल्या कपातला चहा चालत नाही. एखादी आजी निघताना चार केळी किंवा शेवग्याच्या शेंगा हातात देते. त्याही घ्या. जिला आपण सतत घ्यायला लावतो, तिला कधीतरी देऊ द्यावं.

वही लगेच उघडू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं गप्पा होऊ द्या. बोलता बोलता नजर फिरू द्या, पण झडती घेतल्यासारखी नको. औषधांची पाकिटं अर्धी वापरून ठेवली आहेत का? म्हणजे गोळ्या परवडत नाहीत आणि एकाआड एक दिवस घेतल्या जाताहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर आठवड्याच्या एकाच वारावर खूण आहे का? म्हणजे फायनान्सवाल्यांचा हप्ता चालू आहे, आणि तुम्ही दिलेली रोख रक्कम तिकडेच जाणार.

मग विचारायचं: घरात कोण कोण, कमावतं कोण, भाडं किती आणि खोलीचा करार कुणाच्या नावावर, रेशनकार्ड आहे का आणि कुठल्या गावचं, मुलं शाळेत जातात का, आजारपण काय, देणी किती. 'तुमच्या भावाने मदत का नाही केली?' असले प्रश्न टाळा. त्याचं उत्तर त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

निघताना एकच वाक्य बोला: "मावशी, मी हे सभेत मांडते आणि अमुक दिवसापर्यंत कळवते." एवढंच. 'काळजी करू नका, फीचं आम्ही बघतो' असं नव्या मेंबरच्या तोंडून निघून जातं, मग गटाकडे पैसे नसतात आणि शब्द मोडल्याचं खापर सगळ्यांवर फुटतं. जो दिवस सांगितलात त्या दिवशी फोन करायचाच, उत्तर नकाराचं असलं तरी.

आणि फोटो काढायचे नाहीत. तांदळाची पिशवी देतानाचा नाही, घराचा नाही, मुलांचा तर नाहीच. देणगीदारांना 'पुरावा' हवा असतो, हे मला माहीत आहे. त्यांना पावती दाखवा, दुकानाचं बिल दाखवा. बाईचा चेहरा गटागटांत फिरवून आणलेल्या तेलाच्या पिशवीपेक्षा ते तेल न आणलेलं बरं.

४. काय द्यायचं, किती द्यायचं

किती ते सभा ठरवते, तुम्ही नाही. आमचा अनुभव असा की सरसकट रोख देण्यापेक्षा ठरावीक किराणा दुकानात गटाचं खातं ठेवून कुटुंबाला चिठ्ठी द्यावी. त्या घराला तूरडाळ हवी की मसूर, हे त्या घरच्या बाईला कळतं, आपल्याला नाही. दुकानदार मात्र तोंडाचा घट्ट हवा. पिशवीच द्यायची असेल तर तांदूळ-डाळ-तेल-साखर-चहापत्तीबरोबर अंगाचा आणि कपड्याचा साबण आणि सॅनिटरी पॅड घालायला विसरू नका. हे कुणी मागत नाही आणि लागतं सगळ्यांनाच.

शाळेची फी शाळेच्या नावाने चेकने किंवा ऑनलाइन भरा आणि पावती फाइलला लावा. घरभाडं महिन्या-दोन महिन्यांपुरतं, कायमचं कधीच नाही. कर्ज देऊ नका. 'पुढच्या महिन्यात परत करतो' म्हणून दिलेले पैसे परत येत नाहीत, आणि वाईट म्हणजे तो माणूसही पुन्हा येत नाही. चर्चच्या वाटेवर तोंड चुकवायला लागतो. द्यायचेच तर दान म्हणून द्या आणि मोकळे व्हा.

जुने कपडे हा वेगळाच वैताग आहे. घोषणा केलीत की हॉल भरून जातो: बटणं तुटलेले शर्ट, एकेकच बूट, लग्नात एकदा घातलेला गाऊन. निवडायला तीन रविवार जातात. मागायचंच असेल तर नेमकं मागा: 'धुतलेले, न फाटलेले, सहा ते बारा वयाच्या मुलांचे कपडे आणि चादरी, अमुक रविवारी फक्त.'

दारूचं घर असेल तर रोख पैसा आत जाऊ द्यायचा नाही, हे सगळेच सांगतात. पुढचं कमी जण सांगतात: मुंबई आणि आसपास अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) सभा कितीतरी ठिकाणी चर्चच्याच शाळा-हॉलमध्ये भरतात, आणि घरच्यांसाठी वेगळ्या अल-अनॉनच्या असतात. नवरा जायला तयार नसला तरी बायको जाऊ शकते. वार-वेळ चौकशी करून तिच्या हातात लिहून द्या.

५. खरी मोठी मदत तहसील कचेरीत आहे

नव्या मेंबरांना ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण मला विचाराल तर निम्मं काम इथेच आहे. आपण महिन्याला सातशे-आठशेचा किराणा देतो. तीच विधवा बाई संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसली तर तिला दरमहा १,५०० रुपये स्वतःच्या खात्यात, आपल्या दारात न येता मिळतात. ६५ आणि त्यावरच्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातली मुख्य कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात वारली तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात, आणि हे बहुतेक घरांना कुणी सांगितलेलंच नसतं. अंत्यविधीला मदत करायला जाता तेव्हाच मृत्यूच्या दाखल्याच्या दोन-तीन जास्त प्रती काढून ठेवायला सांगा.

संजय गांधी आणि श्रावणबाळसाठी साधारण लागणारे कागद:

- आधार कार्ड, रेशनकार्ड
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- वयाचा पुरावा
- महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला
- विधवा असल्यास पतीचा मृत्यू दाखला. अपंगत्व असल्यास त्याचं प्रमाणपत्र
- आधारशी जोडलेलं बँक खातं, पासबुकाची झेरॉक्स
- फोटो

अडतं कुठे ते सांगते. पहिली अडचण उत्पन्नाची. या योजनांची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबाला वर्षाकाठी २१,००० रुपये अशी आहे. म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. वसईत साठ रुपयांत कोण जगतं, हे मर्यादा ठरवणाऱ्यांना विचारायला हवं. अपंगांसाठी मर्यादा याहून जास्त आहे, ती विचारून घ्या. खोटा आकडा लिहून द्या असं मी सांगणार नाही. पण म्हातारीचं रेशनकार्ड अजून कमावत्या मुलाच्या कुटुंबात असेल आणि ती खरोखर वेगळी राहत, वेगळी शिजवत असेल, तर आधी कार्ड वेगळं करून घ्या, मग अर्जाला जा.

दुसरी अडचण वयाची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जन्माचा कागद नसतो. आपल्या लोकांसाठी बाप्तिस्म्याची नोंदवही असते, त्यात जन्मतारीख सापडते आणि निदान खरं वय कळतं. कचेरी तो दाखला मानेलच असं नाही. नाही मानला तर सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला घ्यावा.

तिसरी १५ वर्षांची. नालासोपारा-विरारकडे भाड्याने राहायला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांचे अर्ज इथेच अडकतात. त्यांच्यासाठी या योजनेच्या मागे लागून त्यांची आशा वाढवू नका. त्यांचं गावचं रेशनकार्ड अन्नसुरक्षेतलं असेल तर 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे इथल्या दुकानातही त्यावर धान्य मिळतं. हे दुकानदार आपणहून सांगत नाही, बरोबर जाऊन उभं राहावं लागतं.

चौथी मंजुरीनंतरची: लाभार्थ्याने वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि आजीला वाटतं योजना बंद झाली. आपल्या वहीत प्रत्येक लाभार्थ्याच्या नावापुढे हे लिहून ठेवा.

एजंटापासून सांभाळा. कचेरीबाहेर 'दोन हजारात करून देतो' म्हणणारे उभे असतात. आणि ज्या ज्या झेरॉक्सवर लाभार्थ्याची सही घ्याल तिथे 'फक्त अमुक योजनेच्या अर्जासाठी' असं लिहून तारीख घालायला लावा. काम झालं की उरलेल्या प्रती परत द्या. लोकांची आधार कार्डं आपल्या कपाटात साठवायची नाहीत.

शाळाप्रवेशाबद्दल एक गैरसमज नेहमी भेटतो. 'आरटीईतून (शिक्षणहक्क कायद्यातून) आमच्या मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घाला' म्हणून पालक येतात. पंचवीस टक्के राखीव जागांचा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसा निर्णय दिला आहे. त्यामुळे मिशनच्या बहुतेक शाळांत हा अर्ज चालत नाही. तिथे मुख्याध्यापिका सिस्टरांना भेटून फीच्या सवलतीचंच बोलावं लागतं.

६. दवाखान्याचं बिल घेऊन कुणी आलं तर

बिल भरायच्या आधी दोन प्रश्न विचारा. एक: रुग्णालय धर्मादाय आहे का? महाराष्ट्रात धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेतून हे आलं आहे. त्यासाठी रुग्णालय आपल्या बिलांतले २ टक्के एका निधीत बाजूला काढतं. पंचतारांकित दिसणारी कितीतरी रुग्णालयं या यादीत आहेत. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं, आणि दाखल होतानाच जायचं. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर 'आधी का नाही सांगितलं' ऐकून घ्यावं लागतं. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात थांबवता येत नाही, हेही त्याच योजनेत आहे.

दोन: महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत हे उपचार बसतात का? योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड दाखवून विचारा. ऑपरेशन दुसरीकडे करून बिल मागाहून आणलं तर या योजनेत पैसे परत मिळत नाहीत. हे एक वाक्य लघु ख्रिस्ती समूहांच्या सभांत सांगत फिरलात तरी कितीतरी घरं कर्जातून वाचतील.

एवढं करूनही जे उरतं त्यासाठी गटाचे पैसे वापरा, आणि ते रुग्णालयाच्या किंवा औषधाच्या दुकानाच्या नावाने भरा.

७. पैसा आणि पावती

पेटीतले पैसे दोघांनी मिळून मोजायचे, कागदावर दोघांच्या सह्या, आणि दुसऱ्याच दिवशी बँकेत. स्वतःच्या मोबाइलच्या क्यूआर कोडवर देणगी घेऊ नका, 'तात्पुरती'सुद्धा नको. पुढे कुणी काही बोललं की सोडवता येत नाही.

देणगीदाराला 'आयकरात सूट मिळेल' हे खजिनदाराला विचारल्याशिवाय सांगू नका. त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते, आणि ती असली तरी रोख देणगीवर सूट २,००० रुपयांपर्यंतच मिळते.

आता परदेशातल्या पैशांबद्दल, कारण वसईत हा प्रश्न घरोघरी आहे. मस्कतला किंवा दुबईला नोकरी करणारा तुमचा भाऊ, ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण ऑस्ट्रेलियाचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व घेतलेला पुतण्या, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, कायद्याच्या नजरेत परदेशी देणगीदार आहे. एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या गटाने त्याचे पैसे घेणं गुन्हा ठरतो, मग ते डॉलरमध्ये असोत, रुपयांत असोत किंवा सुट्टीवर आल्यावर हातात दिलेले असोत. नोंदणी असलेल्या संस्थांनाही २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, आणि ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. म्हणजे 'तमक्या संस्थेच्या नावाने घेऊ आणि मग आपल्याकडे आणू' हाही मार्ग बंद. पुतण्याला प्रेमाने नाही म्हणा.

८. मदत देताना धर्माचं बोलू नका

सोसायटी जात-धर्म पाहून मदत करत नाही, आणि आमच्या यादीत वसई पूर्वेच्या पाड्यांवरची वारली-कातकरी घरं आहेत, मुसलमान विधवा आहेत. अशा घरी जाताना पिशवीत पत्रकं, बायबल, मेदल (संतांचं पदक) काही नको. 'रविवारी प्रार्थनेला या' नको. त्यांनी आपणहून प्रार्थना करा म्हटलं तर मनात करा. दिवस संशयाचे आहेत हे एक कारण झालं. ते नसतं तरी उपाशी माणसापुढे तांदूळ ठेवून देवाचं बोलणं मला पटत नाही. त्याला नाही म्हणायची सोयच उरत नाही.

पाड्यावर काम करायचं असेल तर तिथल्या अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना आधी भेटा. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुठलं मूल कमी वजनाचं आहे, हे त्यांना पाठ असतं.

९. वर्ष कसं चालतं

आगमनकाळात (नाताळआधीच्या चार आठवड्यांत) आणि नाताळात सगळ्यांना द्यायचं असतं. एकेका घरी तीन-तीन केक येतात, वेगवेगळ्या गटांकडून. प्रायश्चित्तकाळातही (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) उपवासाचे पैसे जमतात. गरज मात्र जूनमध्ये टोकाला जाते: शाळा उघडतात, वह्या-गणवेश-फी एकदम येतं, विटभट्ट्या आणि बांधकामं थांबतात, आणि मासेमारीची बंदी १ जूनपासूनच लागते, म्हणजे कोळीवाड्यातही हातात पैसा नसतो. म्हणून डिसेंबरचे सगळे पैसे डिसेंबरात संपवू नका. आमच्या गटात नाताळच्या जमेतला एक हिस्सा जूनसाठी बांधून ठेवतात. त्यावर दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी जूनमध्ये वाद घालणारे गप्प होतात.

पावसाची तयारी मेच्या अखेरीस करा. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या, वीज गेली, तेव्हा कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे ही यादी ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांनाच वेळेत काही करता आलं. यादी कागदावर ठेवा. मोबाइलची बॅटरी अशा वेळी संपलेलीच असते.

१०. ज्यांना पैसे नको असतात

गरिबी नसलेल्या घरांतूनही बोलावणं येतं. दोन मजली बंगला, मुलं टोरांटोत आणि मेलबर्नला, आणि खाली व्हरांड्यात एकटे ऐंशीचे अंकल. त्यांना किराणा नको, ऐकणारं माणूस हवं. अशा भेटी यादीतून वगळू नका. चर्चला येता येत नसेल तर कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घरी आणायची सोय फादरांना सांगून होते. बँकेचं, विजेच्या बिलाचं काम कॉलेजातल्या पोरांना लावून द्या, पण ओटीपी आणि पासबुकाला हात लावायचा नाही असं पोरांना बजावून. मृत्युपत्र, जमीन, 'हे घर कुणाला द्यावं' असा विषय निघाला तर सरळ सांगा, "अंकल, हे वकिलाशी बोला," आणि साक्षीदार म्हणूनसुद्धा सही करू नका. वसईत जमिनीला काय भाव आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

मे महिन्यात आळीतल्या क्रुसाजवळ रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, तेव्हा अशा माणसांना खुर्ची टाकून तिथे आणून बसवा. त्या महिन्यात अंकलांच्या घरभेटी कमी लागतात.

११. कुटुंब यादीतून काढताना

मदत सहा महिन्यांसाठी ठरवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा सभेत मांडा. मुलगा कमावता झाला, पेन्शन सुरू झाली की मदत थांबवायची, पण एक महिना आधी घरी जाऊन, चहा घेऊन सांगायचं. दुकानदाराकडून 'तुमचं नाव काढलंय' असं कळू देऊ नका. काही घरं कधीच यादीतून जाणार नाहीत, मतिमंद मुलगा सांभाळणारी म्हातारी आई कुठे जाणार? त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांची फेरतपासणी नुसती उपचारापुरती ठेवा.

भाड्याची खोली सोडून कुटुंब दुसरीकडे गेलं तर त्यांच्या परवानगीने तिथल्या धर्मग्रामाच्या कॉन्फरन्सला पत्र द्या: घरात कोण, कुठला अर्ज कुठे अडकला आहे, हयातीचा दाखला कधी द्यायचा, कुठली औषधं चालू. पत्र बंद पाकिटात, अध्यक्षांच्या नावाने. नव्या पत्त्यावर महिन्याभराने एक फोन करा, पत्र पोचलंय की कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलंय ते पाहायला.